यजमानांच्या वतीने वाचलेली पंचवीस पुस्तके

काशीतील बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत महाराष्ट्र वाचनमंदिर नावाची एक संस्था आहे. या संस्थेस गेल्या आषाढात एक पत्र आणि पुस्तकांची दोन खोकी प्राप्त झाली. पत्र ग्रंथप्रोत्साहन व वाचनसंवर्धन कक्षाचे होते. संस्थेस पंचवीस 'अवश्य वाचनीय ललितेतर ग्रंथ' विनामूल्य पाठविण्यात येत असून संस्थेच्या एकशे चाळीस सभासदांपैकी प्रत्येकाने त्यांतील प्रत्येक ग्रंथ मार्चअखेर वाचून संपवावा आणि तसे नोंदवहीत प्रमाणित करावे, असे त्यात नमूद होते. तसे न घडल्यास वाचनाचे दालन निरुपयोगी मानण्यात येईल व ते अन्य लोकोपयोगी कार्यास देण्यास विश्वस्त मोकळे राहतील, असे शेवटचे कलम होते. पत्राखाली सही होती. सहीखाली नाव नव्हते. आणि नावाच्या जागी 'करिता' एवढाच शब्द होता.

ग्रंथांची निवड कोणी केली, याविषयी पत्र मौन पाळून होते. ग्रंथपाल शरदिनीताई शेवडे यांनी चौकशी केली. तेव्हा कळले, की ही यादी दुसऱ्या एका कक्षाच्या यादीवरून उतरवून घेतली होती, ती तिसऱ्या एका यादीवरून, आणि ती तिसरी यादी जुळविणाऱ्या गृहस्थाने दोन्ही खोक्यांचे वजन सारखे भरावे एवढीच दक्षता घेतली होती. तरीही पुस्तके वाईट नव्हती, हे प्रारंभीच सांगणे न्यायाचे ठरेल. 'सात खून आणि एक पंचनामा' हे खऱ्या गुन्ह्यांचे पुस्तक होते. 'पूल का पडतात' हे एका निवृत्त अभियंत्याने बहुधा पश्चात्तापाने लिहिले होते. 'मधमाश्यांच्या शेजारी बावीस वर्षे', 'एका जिल्हाधिकाऱ्याच्या बदल्या' अशी आणखी होती. आणि सर्वांत तळाशी, सुबक बांधणीचे, 'घरच्या माणसांचे फोटो' हे कौटुंबिक छायाचित्रणाचे पुस्तक होते.

शरदिनीताई या वाचनमंदिरात एकोणतीस वर्षे काम करीत होत्या. खिडकीजवळचे लांब टेबल, सहा खुर्च्या, आणि त्यांवर रोज सकाळी येऊन बसणारी पाच-सहा माणसे हे त्यांचे सर्व राज्य. ते राज्य जाणार कोठे, हेही ठरून गेलेले होते. दर्शनाला जाताना मंदिरात मोबाइल नेता येत नाही. त्यामुळे यात्रेकरूंचे फोन, चपला आणि पिशव्या सांभाळण्याचा व्यवसाय काशीत भरभराटीस आलेला आहे. संस्थेचे कोषाध्यक्ष नीलकंठराव पाटणकर यांचा पुतण्या शार्दूल हा त्याच व्यवसायात होता. पत्र आले त्याच दिवशी नीलकंठराव फीत घेऊन कपाटांचे खण मोजताना आढळले.

"हे काय करताय?" शरदिनीताईंनी विचारले.

"काही नाही. सहज. एका खणात चार जोडी चपला नि दोन बॅगा आरामात बसतील. लाकूड काय मजबूत आहे हो, बिलकुल सागवान!"

"त्या खणात ज्ञानकोश आहे."

"तोच काढल्यावर म्हणतोय मी."

कार्यकारिणीची बैठक भरली. ललितेतर ग्रंथांचे महत्त्व सर्वांनी एकमुखाने मान्य केले. नीलकंठरावांनी तर असे सांगितले, की ज्या समाजात ललितेतर वाचले जात नाही तो समाज रसातळाला जातो. त्यानंतर पहिले पुस्तक कोण नेतो, असा प्रश्न शरदिनीताईंनी विचारला, आणि बैठकीस अचानक निघण्याची घाई झाली. दंतवैद्य डॉक्टर सुश्रुत द्रविड म्हणाले, "ताई, मला वाचायची फार आवड आहे. म्हणूनच मी घाईघाईत वाचत नाही. निवृत्तीनंतर नीट बसून वाचणार." डॉक्टरांचे वय तेव्हा एकेचाळीस होते.

दिवाळीपर्यंत नोंदवहीत दोन वाचने जमा झाली. आवश्यक आकडा तीन हजार पाचशेचा होता. ही दोन्ही वाचने इंदूकाकू रटाटे यांची, आणि दोन्ही एकाच पुस्तकाच्या पहिल्या बारा पानांची होती. कारण मध्ये एकदा चष्मा हरवल्याने त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. ते पुस्तक अर्थात 'घरच्या माणसांचे फोटो'. इंदूकाकूंना त्याची गरज होती. त्यांनी काढलेल्या फोटोंत माणसांची डोकी नसत. नातीच्या साखरपुड्यात त्यांनी काढलेल्या चाळीस फोटोंत शालू, शेले आणि मोत्याच्या माळा स्पष्ट दिसत होत्या. पण नवरा मुलगा कोणता, यावर अद्याप दोन्ही घरांत मतभेद होते.

"ताई, फेब्रुवारीत लग्न आहे," काकू म्हणत. "त्याआधी मला एक डोकं तरी जमलं पाहिजे. पुस्तकात पुढे येत असेल ना डोक्यांचं?"

"येईल काकू. चौदाव्या पानावर आहे बहुतेक. बसा, वाचा."

अशा निकराच्या प्रसंगी संस्थेचे अध्यक्ष काशीनाथपंत पुणतांबेकर यांनी या विषयात लक्ष घातले. पंत न्यायशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी आयुष्यात एकही वाद गमावलेला नव्हता. कारण प्रतिपक्षाचे म्हणणे ते प्रथम स्वतःच मांडीत, प्रतिपक्षाहून चांगले मांडीत, आणि मग त्याचा निःपात करीत. प्रतिपक्षास केवळ उपस्थित राहावे लागे.

"मूळ प्रश्न असा," पंत म्हणाले, "की वाचन म्हणजे काय?"

"पंत, मार्च जवळ येतोय," शरदिनीताई म्हणाल्या.

"येऊ दे. मार्चने व्याख्येला धक्का पोचत नाही. आता मला सांगा, आपल्या घाटांवर रोज काय चालतं? यजमान असतो नागपुरात, तापाने अंथरुणावर. त्याच्या नावाने पारायण होतं इथे. वाचतो कोण? गुरुजी. ऐकतं कोण? कुणीही नाही, समोरून नावा चाललेल्या असतात. आणि फळ कुणाला? यजमानाला! नागपुरात ताप उतरतो. हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो की नाही?"

"आलो," नीलकंठराव म्हणाले.

"मग खुनाच्या पुस्तकाने काय पाप केलंय?"

पुढील तासभर पंतांनी शास्त्रार्थ केला. छापील पुस्तकास पोथीचे नियम लागत नाहीत, हा आक्षेप त्यांनी स्वतःच घेतला, त्याचे चार दृष्टांतांनी समर्थन केले आणि पाचव्याने तो उखडून टाकला. एका पारायणाचे फळ एकशे चाळीस जणांत वाटल्यास प्रत्येकास दीड पान येईल, अशी शंकाही त्यांनीच काढली. आणि दिव्याचा उजेड पाहणारे वाढले म्हणून कमी पडत नाही, असे सांगून ती मिटविली. अखेर शरदिनीताईंनी एकच विचारले.

"पोथीचं पुण्य मिळतं, पंत. पुस्तकाचं काय मिळतं?"

"वाचल्याचं समाधान," पंत म्हणाले. "आणि ते चारचौघांत सांगताना मिळतं. ते यजमानालाच मिळणार; गुरुजी थोडेच सांगत फिरणार आहेत?"

ठराव संमत झाला. विरोधात कोणीही नव्हते. शरदिनीताईंनीही हात वर केला. कारण दुसऱ्या बाजूस चपला होत्या.

दशाश्वमेध घाटावर छत्रीखाली बसणारे बाळू गुरुजी धर्माधिकारी यांची नेमणूक झाली. नाव बाळू असले तरी वय बावन्न, आवाज खणखणीत, आणि पोथ्यांव्यतिरिक्त त्यांनी आजवर काहीही वाचलेले नव्हते. वाचनदालनाच्या मध्यभागी चौरंग मांडला गेला. खुर्च्या भिंतीला लावून ठेवण्यात आल्या. पंचवीस पुस्तके लाल वस्त्रांत बांधली गेली. पहिल्या दिवशी गुरुजींनी हातात पाणी घेऊन संकल्प सोडला: 'नानागोत्रोत्पन्नानां सभासदानां वाचनसिद्ध्यर्थं सप्तवधैकपञ्चनामाख्यस्य ग्रन्थस्य पारायणं करिष्ये.' मग एकशे चाळीस नावे घेतली. त्यात चाळीस मिनिटे गेली. त्यानंतर पहिला खून झाला.

गुरुजींनी तो पोथीच्या चालीवर वाचला. 'मृताच्या डोक्यावर जड वस्तूने आघात केल्याचे आढळले' या वाक्यास त्यांनी असा हेल दिला, की टेबलावरचे वर्तमानपत्र वाचणाऱ्या इंदूकाकूंनी नकळत हात जोडले. प्रकरण संपले की फूल, सात प्रकरणे झाली की नैवेद्य, असा क्रम ठरला. दोन दिवस सर्व यथासांग झाले. तिसऱ्या दिवशी दालनात अकस्मात शांतता पसरली.

शरदिनीताई आत डोकावल्या. गुरुजी चौरंगावर ओणवे होऊन मनातल्या मनात वाचीत होते.

"गुरुजी, आवाज बंद झाला. एकशे चाळीस जणांचं वाचन थांबलं ना!"

"थांबा हो ताई, जरा! तो फौजदार आत्ताच विहिरीपाशी पोचलाय."

तेव्हापासून बाळू गुरुजींचे घाटावरील कामात लक्ष लागेना. अकोल्याहून आलेले एक कुटुंब ओंजळीत पाणी घेऊन त्यांच्यासमोर बसले होते. बराच वेळ झाला तरी मंत्र पुढे सरकेना, तेव्हा कुटुंबप्रमुखाने नम्रपणे विचारले, "गुरुजी, पुढे?"

"पुढचं अजून कळलं नाही," गुरुजी म्हणाले. "पण मला मेव्हण्यावर संशय आहे."

कुटुंबप्रमुखाचा मेव्हणा शेजारीच बसला होता. तो ओशाळून गंगेकडे पाहू लागला, असे सांगतात.

दरम्यान सभासदांच्या बौद्धिक जीवनात उल्लेखनीय पालट घडून आला. वाचनसिद्धीची प्रमाणपत्रे घरोघरी पोचली आणि लोक ग्रंथांविषयी बोलू लागले. पूर्वी ते क्रिकेटविषयी बोलत. पहिल्या सांगतेच्या प्रसादाला डॉक्टर द्रविड आले, तेच मुळी भारावलेल्या अवस्थेत.

"काय विलक्षण पुस्तक!" ते म्हणाले. "शेवटी सख्खा भाऊच खुनी निघतो, तेव्हा अंगावर काटा येतो."

"भाऊ नाही निघत, डॉक्टर," गुरुजी म्हणाले. "कंपाउंडर निघतो. मलासुद्धा आधी मेव्हणा वाटला होता."

"गुरुजी, एक सांगा. पुस्तक तुम्ही कुणाच्या वतीने वाचलंत?"

"तुमच्या."

"म्हणजे वाचलं कुणी?"

"तुम्हीच."

"मग त्यात काय आहे हे मला ठाऊक असणार की तुम्हाला?"

वाद पंतांकडे गेला. पंतांनी निर्णय दिला, की पारायणाचे फळ यजमानाचे असल्याने अर्थ लावण्याचा अधिकारही त्याचाच. पारायणकर्त्याचा अनुभव हा मार्गातील धूळ समजावा. हजर सभासदांचे मत घेण्यात आले. नोंदवहीत नोंद झाली: 'ग्रंथ क्रमांक एक. खुनी: भाऊ (बहुमताने).' पुढे 'पूल का पडतात' हे पुस्तक चौथे प्रकरण सोडल्यास कंटाळवाणे आहे, असे गुरुजींनी सांगून पाहिले. परंतु त्यांना अभिप्रायाचा रकाना भरू देण्यात आला नाही. त्या रकान्यात सर्वांच्या वतीने 'अत्यंत उद्‍बोधक' असे आधीच लिहून ठेवलेले होते.

ही वार्ता महाराष्ट्रात पोचण्यास वेळ लागला नाही. पुणे, नाशिक, सोलापूर येथून विचारणा येऊ लागल्या. कोणाला वाढदिवसाला आलेले अर्थशास्त्र वाचून हवे होते. कोणी ग्रंथप्रदर्शनातून उत्साहात उचललेली जाडजूड चरित्रे पाठवीत होता. गुरुजींनी मागण्यांची वही घातली. चैत्रापर्यंतचे दिवस भरले.

आणि मार्गशीर्षातील एका सकाळी इंदूकाकू आपल्या नेहमीच्या वेळी आल्या, भिंतीशी लावलेली एक खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, माझं ते पुस्तक द्या. तेरावं पान."

शरदिनीताईंनी चौरंगाकडे पाहिले. पुस्तक लाल वस्त्रात होते. "काकू, आत्ता नाही देता येणार. त्याचं पारायण लागलंय."

"मग पारायण झाल्यावर द्या."

"झाल्यावर ते मखरात जाईल. सोवळ्यातलं आहे आता. शिवता नाही येणार."

"अहो, पण माझ्या नावानेसुद्धा वाचतायत ना ते?"

"हो. एकशे सातवं नाव."

"मग मला आता फोटो काढता यायला हवेत." काकूंनी पिशवीतून फोन काढला, शरदिनीताईंचा एक फोटो टिपला आणि तो त्यांना दाखविला. त्यात पदर होता, किल्ल्यांचा जुडगा होता, नोंदवही होती. "नाही ना लागलं फळ," काकू म्हणाल्या; आणि वर्तमानपत्र उघडून बसल्या. शरदिनीताई त्या दिवशी कितीतरी वेळ किल्ल्यांचा जुडगा हातात धरून उभ्या होत्या. एकोणतीस वर्षांत त्यांनी वाचकाला पुस्तक नाकारल्याचा हा पहिला प्रसंग होता, आणि तो नेमका वाचनदालन वाचवण्यासाठी घडला होता.

फेब्रुवारीत लग्न झाले. फोटो आले. त्याविषयी न बोलणेच बरे.

मार्चच्या अखेरच्या आठवड्यात कक्षाचे निरीक्षक मुकुल श्रीवास्तव तपासणीस आले. त्यांनी नोंदवही पाहिली. ती पुन्हा पाहिली. मग चष्मा काढून पंतांशी हस्तांदोलन केले.

"साढ़े तीन हज़ार में साढ़े तीन हज़ार! पंडितजी, पूरे मंडल में किसी का शत-प्रतिशत नहीं है. बाकी जगह तो लोग सचमुच पढ़ने बैठ जाते हैं, दो-चार पर अटक जाते हैं."

"पद्धतीचा प्रश्न आहे," पंत विनयाने म्हणाले.

शरदिनीताईंचा जीव भांड्यात पडला. दालन वाचले होते. निरीक्षक उठले आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी दालनाची पाहणी केली. चौरंग, मखर, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, आणि खिडकीशी वर्तमानपत्र वाचणाऱ्या इंदूकाकू. निरीक्षक थबकले.

"ये माताजी?"

"वाचक आहेत," शरदिनीताई उत्साहाने म्हणाल्या. "रोज येतात!"

"सदस्य हैं?" निरीक्षकांनी नोंदवही चाळली. "हाँ. एक सौ सात. पच्चीस में पच्चीस." त्यांनी प्रामाणिक कुतूहलाने काकूंकडे पाहिले. "तो फिर अब क्यों आती हैं? इनका तो सब पढ़ा जा चुका."

निरीक्षकांनी तेथेच उभ्याने टिपण केले: संस्थेने प्रत्यक्ष उपस्थितीवाचून वाचन साध्य करण्याची अनुकरणीय पद्धत विकसित केली आहे, सबब वाचनासाठी स्वतंत्र दालनाची आवश्यकता उरलेली नाही, सबब दालन अतिरिक्त घोषित करून लोकोपयोगी कार्यास द्यावे. जाता जाता त्यांनी बाळू गुरुजींना बाजूला घेतले. निरीक्षकांच्या घरी सत्कारांत मिळालेली अकरा पुस्तके पडून होती. गुरुजींना कधी सवड असेल तर.

रामनगरहून सुतार आले. आठ दिवसांत ज्ञानकोश व इतर जुनी पुस्तके माळ्यावर गेली, सागवानी खणांना दारे बसली, दारांना कुलुपे आणि कुलुपांवर क्रमांक. भेटीची पुस्तके टाकता येत नाहीत असा नियम असल्याने मखरातील पंचवीस पुस्तके खालच्या रांगेतील एका मोठ्या खणात, लाल वस्त्रे काढून, बंद करण्यात आली. वस्त्रे चपला पुसण्यास उपयोगी पडली. शरदिनीताईंना खण व क्रमांक यांचा दीर्घ अनुभव असल्यामुळे त्यांचीच लॉकर-प्रमुख म्हणून नेमणूक झाली. उद्‍घाटनास शार्दूलने पेढे वाटले.

तिसऱ्या दिवशी जबलपूरच्या एका शाळेतील गणिताचे शिक्षक सहकुटुंब आले. सर्वांनी फोन, चपला, पिशव्या जमा केल्या. घरचे दर्शनाला गेले; शिक्षकांचे गुडघे दुखत होते, ते बाकावर बसून राहिले. दर्शनाची रांग तीन तासांची होती. पाच मिनिटांत त्यांचा उजवा अंगठा आपोआप हवेत वरखाली होऊ लागला. दहा मिनिटांत त्यांनी भिंतीवरील दरपत्रक दोनदा वाचले. पंधराव्या मिनिटाला ते काउंटरशी आले.

"बाई, वाचायला काही आहे का हो? काहीही. मराठी असलं तरी चालेल, आई माझी अमरावतीची."

शरदिनीताईंनी त्यांच्याकडे पाहिले. हा प्रश्न त्यांना या इमारतीत कोणी विचारून बरेच महिने झाले होते. त्यांनी खालचा मोठा खण उघडला आणि 'सात खून आणि एक पंचनामा' काढून दिले.

तीन तासांनी कुटुंब परतले. "चला, घाटावर नाव ठरवायची आहे," सौभाग्यवती म्हणाल्या.

"तुम्ही पुढे व्हा. भाव करा."

"तुमच्याशिवाय कशी करू?"

"अगं, फौजदार विहिरीपाशी आलाय!"

दुसऱ्या बाकाच्या टोकाला बाळू गुरुजी पुस्तक वाचीत बसले होते. त्यांनी मान वर केली. एका माणसाने दुसऱ्यास ओळखावे तसे ते त्या शिक्षकांकडे पाहू लागले. "मेव्हण्यावर संशय आलाय ना?" त्यांनी हळूच विचारले. "येऊ द्या. मलाही आला होता. पुढचं नाही सांगत."

त्यानंतर ते घडतच राहिले. फोन कुलपात गेलेला माणूस कसा वागतो, याचा अभ्यास कोणत्याही कक्षाने केलेला नाही, शरदिनीताईंनी केला. साधारण बाराव्या मिनिटाला तो पुस्तक मागतो. मधमाश्यांचे पुस्तक हैदराबादच्या एका मराठी आजीबाईंनी दोन दिवस येऊन संपविले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दर्शनाला न जाताच फोन जमा केला. पूल पडण्याचे पुस्तक एका कंत्राटदाराने वाचले आणि तो न बोलता निघून गेला. भिंतीला लावलेल्या खुर्च्या पुन्हा टेबलाशी आल्या. इंदूकाकूंना त्यांचे तेरावे पान मिळाले, आणि नंतर चौदावे.

वार्षिक अहवालात यांतील काहीही आले नाही, कारण हे वाचक सभासद नव्हते आणि सभासदांचे वाचन तर पूर्ण झालेले होते. अहवालात दोनच ओळी आहेत. जमा झालेले मोबाइल: नऊ हजार चारशे. वाचन: निरंक.

काशीनाथपंत एकदा पाहणीस आले. जबलपूरचे तेच शिक्षक पुन्हा आलेले होते, या वेळी एकटेच. बोलता बोलता पंत म्हणाले, की त्या खुनांत अपराधी सख्खा भाऊ होता.

"कंपाउंडर," शिक्षक म्हणाले.

"भाऊ. ठराव झालेला आहे."

"पान दोनशे अकरा," शिक्षक म्हणाले, आणि त्यांनी ते उघडून समोर धरले.

पंतांनी पूर्वपक्ष मांडण्यास तोंड उघडले. पण पुस्तक मध्ये होते. आणि न वाचलेल्या पुस्तकाच्या वतीने वाद घालण्याची कला कितीही परिपूर्ण असली, तरी वाचलेल्या माणसापुढे ती चालत नाही. आयुष्यात प्रथमच पंत एक वाद हरले. त्यांनी आपला फोन काउंटरवर ठेवला, लॉकरचा बिल्ला घेतला आणि खिडकीशी बसून पहिल्या पानापासून वाचू लागले. "केवळ खंडन करता यावं म्हणून," ते म्हणाले. सायंकाळी शरदिनीताईंनी दिवा लावला तेव्हा ते विहिरीपाशी पोचले होते आणि त्यांना कोणी हाक मारलेली आवडत नव्हती.

वैशाखात कक्षाने लोकोपयोगी उपक्रमाचे छायाचित्र मागविले. निरीक्षक मुद्दाम आले. नीलकंठराव, शार्दूल आणि निरीक्षक हार घालून मागे उभे राहिले. पुढच्या बाकावर बसलेल्या पाच-सात यात्रेकरूंना उठण्यास सांगितले, पण एकानेही पुस्तकातून डोके वर काढले नाही. फोटो इंदूकाकूंनी काढला. त्यात बाकावरील प्रत्येक चेहरा स्पष्ट आला आहे, पुस्तकांची नावेही वाचता येतात. आणि मागे तीन हार आहेत.

"काकू!" नीलकंठराव कळवळून म्हणाले. "पुन्हा डोकी गेली!"

"गेली नाहीत रे. घालवली," काकू म्हणाल्या. "पान चौदा. जे लागत नाही ते चौकटीबाहेर ठेवावं."

कक्षाने तो फोटो स्वीकारला. चेहरे नसल्यामुळे पुढे अधिकारी बदलले तरी तो चालणार होता.

बाळू गुरुजींची वही मात्र अद्याप चालू आहे. स्वतः पुस्तके वाचू लागल्यापासून त्यांना इतरांच्या वतीने वाचणे जड जाते, तरी मागणी मोठी असल्याने ते नाही म्हणू शकत नाहीत. फॉर्म सोपा आहे: नाव, गोत्र, पुस्तकाचे नाव, आणि पुस्तक सध्या कोठे आहे. शेवटच्या रकान्यात जवळजवळ सर्वच यजमान एकसारखे उत्तर लिहितात: उशाशी, सुरुवातीच्या एखाद्या पानावर खूण घालून. आपली खूण कितव्या पानावर आहे, तेवढे कळविले तरी पुरेल. गुरुजी तेथून पुढे सुरू करतील.